मोटरहोम सरळ का चालत नाही: स्टिअरिंगची तक्रार पुन्हा पुन्हा येण्याची कारणं आणि तपासणीचा क्रम

सरळ रस्ता, वारा नाही, वेग ताशी ८०, आणि तरीही स्टिअरिंग सतत इकडे-तिकडे करत राहावं लागतं. शेजारून ट्रक गेला की गाडी आधी एका बाजूला जाते, मग दुसऱ्या. तासाभरात खांदे भरून येतात. मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) चालवणाऱ्यांची ही सर्वांत जुनी तक्रार. तिच्यावरचा ठरून गेलेला उपाय म्हणजे आधी नवे शॉकॉब्सर, मग जाड अँटी-रोल बार (गाडीचं डुलणं रोखणारा दांडा), मग स्टिअरिंग स्टॅबिलायझर (धक्के शोषून स्टिअरिंग स्थिर ठेवणारा भाग). दर वेळी थोडा फरक पडतो आणि काही महिन्यांत मूळ दुखणं परत डोकं वर काढतं.

ते परत येतं, कारण वजन, टायरमधली हवा, सांध्यांमधला ढिलेपणा आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) या चार गोष्टी कुणी मोजलेल्याच नसतात. मोजल्या असल्या तरी रिकाम्या गाडीवर मोजलेल्या असतात. खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. आधीची पायरी कच्ची असेल तर पुढच्या पायरीवरचे आकडे फसवे येतात. मोजमाप आणि घट्ट करण्याच्या कामांना फारसा खर्च नाही, आणि बऱ्याच गाड्या तेवढ्यावरच सुधारतात.

आधी तक्रार नेमकी कोणती, ते ठरवा

"गाडी नीट चालत नाही" एवढ्यावर काहीच ठरत नाही. पुढच्यापैकी तुमची गाडी कशात बसते ते बघा.

गाडी दोन्हीकडे भरकटते, स्टिअरिंगला मधोमध ठाव लागत नाही: पुढच्या ॲक्सलवर वजन कमी, टायरमध्ये हवा जास्त, कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी, टो-आउट (पुढची चाकं पुढच्या अंगाला एकमेकांपासून फाकलेली) किंवा सांध्यांत ढिलेपणा.

गाडी एकाच बाजूला खेचते: एखाद्या टायरमध्येच दोष, दोन बाजूंच्या कॅस्टर किंवा कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर कलण्यात) फरक, एखादा ब्रेक अडकून राहतोय किंवा मागचा ॲक्सल तिरका बसलाय. पुढची दोन टायरं आपसांत बदलून बघा. खेच दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. फक्त एका दिशेने फिरणारी टायरं असतील तर असं बदलू नका.

वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मधे येत नाही: किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती पिन) किंवा बॉल जॉइंट कोरडे, स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी गिअरपेटी) गरजेपेक्षा आवळलेला, स्टिअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून जड झालेला किंवा कॅस्टर फारच कमी.

ट्रक जवळून गेला की गाडीचं बूड हलतं: मागचा ओव्हरहँग (मागच्या ॲक्सलच्या मागे निघालेला भाग), मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश, जोडचाकांमधली (एका बाजूला दोन चाकं असतात तिथली) कमी हवा.

रस्त्यावरून आत वळताना गाडी डावी-उजवीकडे डुलते: अँटी-रोल बार, त्याचे बुश आणि लिंक. उंचवट्यानंतर पुढची बाजू दोन-तीनदा वर-खाली होत राहते: शॉकॉब्सर. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं: बॅलन्सिंग, वाकडी रिम किंवा झिजलेला सांधा.

चाचणी वारा नसताना, कोरड्या रस्त्यावर आणि दर वेळी त्याच पट्ट्यात घ्या. एका वेळी एकच बदल करा. चार भाग एकाच दिवशी बसवले की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

वजन: मागच्या ॲक्सलच्या मागे काय ठेवलंय?

प्रवासाला निघताना गाडी जशी असते तशीच वजनकाट्यावर न्या. म्हणजे टाकीत इंधन, नेहमी भरता तेवढं पाणी, सामान, गॅस सिलिंडर आणि माणसं सगळं त्यात आलं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची चाकं. सोय असेल तर चारही कोपऱ्यांचं वजन वेगवेगळं करा. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज आणि टाक्या एकाच बाजूला असलेल्या गाड्यांत डाव्या-उजव्या चाकांमध्ये शंभर किलोंचा फरक सहज निघतो.

मोटरहोमचा मागचा ओव्हरहँग लांब असतो आणि गॅरेज, सायकलींचा स्टँड, जादा टाकी हे सगळं तिथेच जातं. मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेलं वजन पुढच्या ॲक्सलला वर उचलतं. समजा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ४ मीटर आहे आणि मागच्या ॲक्सलपासून २.४ मीटर मागे, कॅरिअरवर, १५० किलोंची मोटारसायकल टांगली. १५० गुणिले २.४ भागिले ४, म्हणजे ९० किलो. एवढं वजन पुढच्या चाकांवरून कमी झालं. मागच्या ॲक्सलवर मात्र १५० ऐवजी २४० किलो वाढले. पुढच्या टायरची पकड आणि स्टिअरिंगचा मधे येण्याचा जोर दोन्ही त्या वजनावर अवलंबून असतात, म्हणून असं स्टिअरिंग हलकं आणि निर्जीव लागतं. फियाट ड्युकॅटोसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर चढावर आणि ओल्या गवतावर पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागतात.

सुटं वजन पुढे न्या. हत्यारं, डबाबंद सामान, जादा बॅटरी दोन ॲक्सलच्या मधल्या कप्प्यांत ठेवा. टाकी मागे असेल तर तिथलं पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरा. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि टाकी ॲक्सलच्या दीड मीटर मागे असेल तर ४ मीटर व्हीलबेसवर पुढचे ७५ किलो गेलेच. एखादा ॲक्सल त्याच्या मर्यादेबाहेर असेल तर इथेच थांबा. ओव्हरलोड ॲक्सलवर जाड बार किंवा एअर बॅग (स्प्रिंगला मदत करणारी हवेची पिशवी) बसवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही, फक्त गाडी बसलेली दिसत नाही.

व्हीलबेस आणि एकूण लांबीचं गुणोत्तरही एकदा काढून ठेवा. लांबीच्या निम्म्याहून कमी व्हीलबेस असलेली गाडी मुळातच चंचल असते, ५४-५५ टक्क्यांच्या वर गेली की बरीच शांत. हा नुसता अंदाजाचा नियम आहे. पण तुमची गाडी ४८ टक्क्यांची असेल, तर तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते त्यावरून कळतं.

हवा: साइडवॉलवरचा आकडा हे उत्तर नव्हे

टायरच्या बाजूवर छापलेला दाब हा त्या टायरच्या पूर्ण क्षमतेच्या वजनासाठीचा असतो. अनेक जण सगळ्या चाकांत तोच भरतात. पुढचं टायर मग दगडासारखं होतं, त्याचा जमिनीवरचा ठसा लहान होतो आणि रस्त्यावरची प्रत्येक रेघ गाडीला ओढते.

एलटी २२५/७५ आर १६ हे छोट्या मोटरहोमवर सर्रास दिसणारं टायर घ्या. लोड रेंज (भारक्षमतेचा वर्ग) 'ई' मध्ये ते एकेरी चाकावर ८० पीएसआयला १२१५ किलो उचलतं आणि जोडचाकांत प्रत्येकी ११२० किलो. तेच टायर ६५ पीएसआयला एकेरी चाकावर १०६० किलो उचलतं. तुमच्या पुढच्या चाकांवर ९८० आणि ९४० किलो भरले, तर जड चाक धरायचं, ९८०. त्याला ६५ पुरेसे आहेत. वर थोडी राखीव म्हणून ६८ ते ७० ठेवा, आणि हा दाब दोन्ही बाजूंना सारखाच हवा. एका ॲक्सलच्या दोन बाजूंना वेगवेगळा दाब कधीही नको. तुमच्या टायरचा तक्ता टायर बनवणाऱ्या कंपनीकडून घ्या. वजन केलेलं नसेल, तर गाडीच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाच्या खाली जाऊ नका.

दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजायचा. ८० पीएसआयच्या टायरमध्ये हवामान १० अंश सेल्सिअसने बदललं की दाब साधारण ३ पीएसआयने बदलतो. उन्हाळ्यात बरोबर केलेली गाडी थंडीत "परत बिघडते", त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. चालून गरम झालेल्या टायरमधून हवा सोडू नका.

जोडचाकांतलं आतलं टायर हा फार मोठा चोर. तिथे हात पोचत नाही, व्हॉल्व्हची नळी ढिली होऊन हळूहळू हवा जाते, आणि बाहेरचं टायर भार घेऊन उभं असल्यामुळे वरून काही दिसत नाही. अशी गाडी मागून मऊ लागते, बूड वळवळतं. पायाने ठोकून अंदाज घेऊ नका, गेज लावा.

टायरचं वय आणि झीजही इथेच बघून घ्या. हाताचा तळवा ट्रेडवरून आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना धारदार लागलं तर टो-इन (चाकं पुढच्या अंगाला आत वळलेली) जास्त आहे, उलट लागलं तर टो-आउट. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकॉब्सर किंवा बॅलन्सिंग बघा.

ढिलेपणा: दोन माणसांची तपासणी

या तपासणीला अर्धा तास लागतो. बऱ्याच वर्कशॉपमध्ये ती नीट होत नाही, म्हणून स्वतः करा किंवा समोर उभं राहून करून घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके द्या, चाकं जमिनीवरच राहू द्या. खाली शिरायला जागा नसेल तर गाडी पक्क्या रॅम्पवर चढवा. गाडीच्या स्वतःच्या लेव्हलिंग जॅकवर किंवा एअर सस्पेन्शनच्या भरवशावर खाली जाऊ नका. हवा गेली की चॅसी क्षणात खाली येते.

इंजिन चालू ठेवून मदतनीसाला स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडंच, चाकं जेमतेम हलतील इतकंच, सतत फिरवायला सांगा. तुम्ही स्टिअरिंग कॉलमपासून सुरुवात करा आणि एकेका सांध्यावर अशी बोटं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. सांधा चांगला असेल तर दोन्ही भाग एकाच वेळी हलतात. झिजलेल्या सांध्यात आधी एक भाग सरकतो, मग हलका टक् असा धक्का बसतो आणि मग दुसरा. डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटरचा खेळसुद्धा बोटाला कळतो. बोटं सांध्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच ठेवा, दोन भागांच्या फटीत घालू नका, आणि बाहीचा सैल कपडा शाफ्टपासून लांब ठेवा.

क्रम असा: कॉलमचे युनिव्हर्सल जॉइंट, बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा आर्म), ड्रॅग लिंकची (त्या आर्मपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं, टाय रॉड एंड (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं). गाडीत बेल क्रँक (दांड्यांची दिशा बदलणारा मधला आर्म) असेल तर त्याची बेअरिंग नक्की बघा, तिथे ग्रीस मारायचं राहून जातं. बॉक्स चॅसीला जिथे बोल्टने बसवलाय तिथेही हात ठेवा. बोल्ट ढिले असले किंवा चॅसीला तडा गेला असला तर अख्खा बॉक्सच हलतो आणि बाहेर मात्र सगळे सांधे नवे असतात.

मग पुढचं एक चाक जॅकवर घ्या, घोडी (जॅक स्टँड) लावा, आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिली आहे. तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. फोर्ड ई-४५० सारख्या ट्विन आय-बीम गाड्यांत (पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळी तुळई असते अशा) रेडियस आर्मचे (ती तुळई मागे-पुढे सरकू न देणाऱ्या आर्मचे) बुशही बघा. ते गेले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं, कॅस्टर बदलतो आणि गाडी फक्त ब्रेकवरच वाकडी जाते. शेव्रोलेच्या जुन्या पी-३० चॅसीवर पुढच्या कॉइल स्प्रिंगच्या आत एअर बॅग असतात. त्या फुटलेल्या किंवा रिकाम्या असतील तर पुढची उंची घसरते आणि पुढची सगळी अलाइनमेंट व्यर्थ जाते.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू हा सगळ्यांचा आवडता आणि सगळ्यांत घातक उपाय. बाकी सगळे सांधे ठीक असतील आणि खेळ नक्की बॉक्समध्येच असेल, तेव्हाच त्याला हात लावा. चाकं सरळ, लॉकनट ढिला, स्क्रू एका वेळी एक-अष्टमांश फेरा, लॉकनट घट्ट, मग हळू वेगात चाचणी. एकूण पाव फेऱ्याच्या पुढे जायची वेळ आली तर बॉक्स उघडायचा झालाय असं समजा. जास्त आवळला तर स्टिअरिंग वळणातून मधे येत नाही, आणि तेवढ्यावर भागत नाही, आतले गिअरही खराब होतात.

एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. असा बॉक्स बरोबर मधोमध असतानाच सर्वांत घट्ट असतो, मधापासून बाजूला गेला की आत मुद्दाम ढील ठेवलेली असते. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग व्हील तिरकं दिसलं म्हणून कुणी व्हील काढून एक-दोन दाते फिरवून सरळ बसवलं, तर डोळ्यांना व्हील सरळ दिसतं, पण गाडी सरळ चालताना बॉक्स ढिल्या भागात काम करत राहतो. व्हील सरळ करायचं ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून. खात्री करायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, त्याच्या निम्म्यावर चाकं सरळ आली पाहिजेत.

अलाइनमेंट: भरलेल्या गाडीचीच

रिकाम्या गाडीची अलाइनमेंट म्हणजे दुसऱ्याच गाडीची अलाइनमेंट. वजन वाढलं की पाटे बसतात, उंची बदलते, कोन बदलतात. ट्विन आय-बीममध्ये उंचीबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही चांगलेच सरकतात. म्हणून प्रवासाच्या वजनासह, वर ठरवलेल्या दाबाने, सांध्यांचं काम संपल्यावरच मशीनवर न्या. एअर सस्पेन्शन असेल तर त्याआधी राइड हाइट उत्पादकाच्या मापाला आणा. लेव्हल व्हॉल्व्हची काडी वाकली असेल तर गाडी कायम एका अंगाला कललेली राहते.

भरकटण्यावर सर्वांत परिणामकारक कोन म्हणजे कॅस्टर. तो जितका धन, तितकं स्टिअरिंग स्वतःहून सरळ राहू पाहतं. ई-४५० वर वरच्या बॉल जॉइंटपाशी एक्सेंट्रिक बुश (ज्याचं भोक मधोमध नसतं) बदलून तो वाढवता येतो आणि मोटरहोमसाठी ४ ते ५ अंशांपर्यंत नेल्यावर गाडी रस्ता धरते. फोर्ड एफ-५३ सारख्या सलग ॲक्सलवर पाटा आणि ॲक्सलच्या मधे उताराची पाचर घालून तो बदलतात. ड्युकॅटोसारख्या स्ट्रटच्या गाड्यांत यासाठी फारशी जागा नसते, तिथे वजन आणि उंची हेच उपाय. दोन बाजूंचा कॅस्टर जवळजवळ सारखा हवा, कारण गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला खेचते.

इथे एक सापळा आहे. मागची बाजू बसलेली दिसते म्हणून मागे एअर बॅग घालून गाडी उचलतात. ४ मीटर व्हीलबेसच्या गाडीचं बूड ७० मिलिमीटर वर गेलं की अख्खी चॅसी पुढे एक अंश झुकते, आणि पुढचा कॅस्टर नेमका तेवढाच, एक अंश, कमी होतो. ३ अंश कॅस्टर असलेल्या गाडीत हा फरक फार मोठा आहे. एअर बॅग बसवल्यावर गाडी डुलायची कमी झाली पण भरकटू लागली, ही तक्रार इथून येते. बॅगमधली हवा फक्त मूळ उंची येईल इतकीच ठेवा आणि अलाइनमेंट त्यानंतर करा. डाव्या-उजव्या बॅगांच्या नळ्या टी जोडून एक करू नका. वळणात दाबल्या गेलेल्या बॅगेतली हवा दुसरीत जाते आणि गाडी उलट जास्त कलते.

टो घरीही मोजता येतो. पुढचं चाक जॅकवर थोडं उचलून, घोडी लावून, हाताने फिरवत ट्रेडच्या मधोमध खडूचा पट्टा मारा. मग ठोकळ्यावर पक्का धरलेला खिळा टेकवून त्या पट्ट्यात एक बारीक रेघ पूर्ण फेऱ्यात ओढा. दोन्ही चाकांवर तसंच करा. गाडी खाली उतरवा आणि दोन-तीन मीटर पुढे नेऊन थांबवा, म्हणजे जॅकमुळे वाकडी बसलेली चाकं मोकळी होतील. ही पायरी गाळली तर माप हमखास चुकतं. आता दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या अंगाला आणि मागच्या अंगाला, जमिनीपासून एकाच उंचीवर मोजा. पुढचं अंतर कमी असेल तर टो-इन. उत्पादकाचं माप असेल ते पाळा. बऱ्याच गाड्यांत ते दीड ते तीन मिलिमीटरच्या आसपास असतं. शून्याच्या पलीकडे, टो-आउटमध्ये, गेलेली गाडी सहसा स्थिर चालत नाही.

पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजा. काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मागचा ॲक्सल तिरका आहे. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला असेल किंवा यू-बोल्ट ढिले असतील. पाट्यांचं काम झाल्यावर यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने परत घट्ट करावेच लागतात. हे न केल्याने दुरुस्ती "टिकत नाही".

इथून पुढे भाग जोडायचे

वरचं सगळं झाल्यावर जे उरतं त्यावरच खर्च करा.

ट्रकच्या वाऱ्याने बूड हलणं ही उरणारी मुख्य तक्रार. मागून ओलांडणाऱ्या ट्रकच्या पुढे दाबलेली हवा आधी तुमच्या शेपटीला ढकलते. शेपूट ट्रकपासून दूर जाते आणि नाक ट्रककडे वळतं. ट्रक पुढे आला की तोच दाब नाकाला दूर लोटतो. पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकाच्या वळशांतले) आणि शॅकलमधले (पाटा टांगणाऱ्या कडीतले) रबरी बुश आडवे दबतात, त्यामुळे चाकं जागेवर असताना वरचं घर काही मिलिमीटर बाजूला सरकतं आणि थोड्या उशिराने परत येतं. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तोवर ते उलट दिशेने निघालेलं असतं. उपाय म्हणजे ट्रॅक बार: एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला, आडवा आणि शक्य तितका समतल. मागच्या ॲक्सलवर त्याचा परिणाम पहिल्याच ट्रकला कळतो. पुढच्या ॲक्सलवर लावायचा असेल आणि ड्रॅग लिंक आडवी असेल, तर ट्रॅक बार तिला समांतर आणि जवळजवळ तितक्याच लांबीचा हवा. तसा नसेल तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते. बुश झिजलेले असतील तर आधी ते बदला, मग बार.

डुलण्यासाठी नवा अँटी-रोल बार घेण्याआधी जुन्याचे बुश आणि लिंक बघा. बुशात ५ मिलिमीटर फट असेल तर गाडी तेवढी कलेपर्यंत बार कामालाच लागत नाही. फोर्ड एफ-५३ च्या अनेक मॉडेलांत बारच्या टोकाला दोन भोकं असतात आणि लिंक कारखान्यातून मऊ भोकात, म्हणजे टोकाच्या भोकात, येते. ती आतल्या भोकात हलवली की बाहू आखूड होतो. बारचा कडकपणा बाहूच्या लांबीच्या वर्गाच्या उलट बदलतो. उदाहरणार्थ ३०० मिलिमीटरचा बाहू २६० झाला तर बार सुमारे एक-तृतीयांशाने कडक झाला, तोही नव्या भागाशिवाय. काम चाकं जमिनीवर असताना, सपाट जागी करा. दोन्ही बाजूंना तेच भोक हवं, नट टॉर्कला घट्ट करा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन लिंक टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही ना ते बघा. नुसता पुढचा बार कडक केला तर वळणात नाक बाहेर जातं, नुसता मागचा फार कडक केला तर ओल्या रस्त्यावर शेपूट सुटतं. दोन्हीकडे मिळून, थोडं-थोडं करा.

शॉकॉब्सर वजन उचलत नाहीत, म्हणून बसलेली गाडी त्यांनी वर येत नाही. ते गेलेत का हे बघायला १५-२० किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चौघांच्या नळ्यांचं तापमान घ्या. काम करणारा गरम असतो. जो बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गार, तो मेलेला. तेल गळत असेल तर तपासायचीही गरज नाही.

स्टिअरिंग स्टॅबिलायझर सर्वांत शेवटी. साधा डँपर धक्के शोषतो. स्प्रिंगवाला मधे आणणारा प्रकार स्टिअरिंगला सरळ धरून ठेवतो आणि पुढचं टायर फुटलं तर चाक हातातून हिसकलं जाण्याचा जोर कमी करतो. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी ही खरोखर घेण्यासारखी वस्तू आहे. पण तो टाय रॉड एंडचा खेळ, कमी कॅस्टर आणि टो-आउट हे सगळं महिनोन्महिने झाकून ठेवतो, आणि झाकलेला सांधा झिजत राहतो. आधीपासून बसवलेला असेल तर वरच्या सगळ्या चाचण्या तो सोडवूनच करा. स्प्रिंगवाल्याचा मध्यबिंदू गाडीच्या खऱ्या मध्याशी जुळवूनच बसवायचा. खेचणारी गाडी सरळ चालावी म्हणून त्याला एका बाजूला सरकवणं म्हणजे दोष तसाच ठेवणं.

पुन्हा बिघडली तर

दुरुस्तीनंतरचे आकडे गाडीतल्या वहीत लिहून ठेवा: चारही कोपऱ्यांचं वजन, थंड दाब, कॅस्टर, कॅम्बर, टो, चारही कोपऱ्यांत फेंडरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची. तक्रार परत आली की आधी हवा, मग उंची, मग सामानाची जागा बघा. या तिन्हींत फरक नसेल तर यू-बोल्ट आणि बोटांची तपासणी. त्यातही काही सापडलं नाही तरच मशीनवर जा. उंची एका कोपऱ्यात १०-१५ मिलिमीटर घसरली असेल तर पाटा तुटलाय किंवा बॅग गळतेय. अशा गाडीची अलाइनमेंट करून घेण्यात अर्थ नाही, कारण पाटा बदलल्यावर ती परत करावीच लागेल.